ओकलीफ हायड्रेंजिया निवडताना: आधी जागा मोजा, मग वाण ठरवा

अटलांटाच्या उपनगरांत नवीन घर घेतलेल्या मराठी मंडळींकडून मे-जून आला की एक प्रश्न हमखास येतो. शेजारच्या अंगणात पांढऱ्या, लांबट तुऱ्यांचं मोठं झुडूप दिसतं, ते कोणतं आणि आपण लावलं तर जगेल का? बहुतेक वेळा ते ओकलीफ हायड्रेंजिया असतं. जगेल का, याचं उत्तर 'नक्की' असं आहे, कारण हे झुडूप इथलंच आहे. जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, टेनेसी आणि फ्लोरिडाचा उत्तर भाग इथल्या जंगलांत, ओढ्यांच्या उतारांवर ते आपोआप वाढतं. विल्यम बार्ट्राम या निसर्गअभ्यासकाने १७७० च्या दशकात या भागातून प्रवास करताना त्याची नोंद केली. १९९९ पासून ते अलाबामाचं अधिकृत राज्य रानफूल आहे.

वर्षभर काहीतरी देणारी झुडपं फार नसतात, हे त्यांतलं एक. उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलं, मग तेच तुरे गुलाबी होत जातात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पानं लाल-जांभळी होतात आणि पानं गळाली की दालचिनीच्या रंगाची, पापुद्रे सुटणारी साल दिसते. माझं याच्यावर मनापासून प्रेम आहे, म्हणून ते चुकीच्या ठिकाणी लावलेलं दिसलं की वाईट वाटतं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगते. हे झुडूप आदल्या वर्षीच्या फांदीवर फुलतं. ते जागेपेक्षा मोठं झालं आणि तुम्ही दरवर्षी कापून लहान ठेवायला लागलात, की पुढच्या वर्षीची फुलं कात्रीत जातात. त्यामुळे आकाराचा निर्णय रोप विकत घेतानाच घ्यावा लागतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

१. हे नक्की तेच झाड आहे ना, याची खात्री करा

हायड्रेंजिया या एका नावाखाली नर्सरीत तीन-चार वेगळी झाडं उभी असतात. निळे-गुलाबी गोल गुच्छ येतात ती मॅक्रोफायला. महाबळेश्वरच्या बागांत किंवा पुण्याच्या नर्सऱ्यांत पाहिलेली हायड्रेंजिया ती हीच. तिच्या फुलांचा रंग मातीच्या आम्लतेनुसार बदलतो. ओकलीफचा तसा बदलत नाही, त्यामुळे निळ्या रंगासाठी मातीत काहीही घालण्यात पैसे वाया घालवू नका.

जास्त घोळ होतो तो पॅनिक्युलाटाशी. 'लाइमलाइट' हा तिचा प्रसिद्ध वाण. तिचेही तुरे शंकूच्या आकाराचे आणि पांढरट असतात. पण ती नव्या फुटीवर फुलते, म्हणून तिला फेब्रुवारीत निर्धास्त कापता येतं. ओकलीफ ओळखायचं ते पानावरून: तळहाताएवढं किंवा त्याहून मोठं, खोल कातरलेलं, ओकच्या पानासारखं, खालून मऊ लव असलेलं. कोवळ्या फांदीवर गंजाच्या रंगाची लव असते, बोट फिरवलं की लगेच जाणवते.

२. तुमचा झोन आणि ऊन बघा

अमेरिकन कृषी खात्याचा हिवाळी थंडीचा नकाशा (त्यातल्या क्रमांकाच्या पट्ट्या म्हणजे झोन) इंटरनेटवर पिनकोड टाकून, म्हणजे झिपकोड टाकून, बघता येतो. तो २०२३ मध्ये नव्याने आला, त्यामुळे जुन्या पुस्तकातला किंवा जुन्या लेबलवरचा झोन धरू नका. ओकलीफ साधारण झोन ५ ते ९ मध्ये येतं. जॉर्जिया, कॅरोलिना, टेनेसी, व्हर्जिनिया, न्यू जर्सी इथल्या लोकांनी फार विचार करायची गरज नाही. शिकागोच्या बाजूला झाड जगतं, पण कडक थंडीच्या वर्षी वरच्या कळ्या मरतात आणि त्या उन्हाळ्यात नुसती पानं मिळतात. तिथे भिंतीच्या किंवा कुंपणाच्या आडोशाला लावा. डॅलसच्या बाजूला अडचण थंडीची नाही, मातीची आहे. तिथली माती बऱ्याच ठिकाणी चुनखडीची असते आणि पानं पिवळी पडतात.

उन्हाचा नियम सोपा आहे: दक्षिणेत सकाळचं ऊन आणि दुपारची सावली, उत्तरेत त्याहून जास्त ऊन चालतं. पूर्ण सावलीत झाड मरत नाही, पण उंच, विरळ होतं, तुरे कमी येतात आणि शरद ऋतूतला लाल रंग फिका पडतो. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी एक आणि चार वाजता त्या जागेचे फोटो काढा. आठवणीवर ठेवलेला उन्हाचा अंदाज बहुतेकदा चुकतो.

३. टेप घ्या आणि जागा मोजा

भिंतीपासून पायवाटेपर्यंत किती फूट आहेत? खिडकीची खालची कड जमिनीपासून किती उंच आहे? एसीचं बाहेरचं युनिट, गॅसचं मीटर, पाण्याचा नळ कुठे आहेत? हे एका कागदावर काढा. ओकलीफ जितकं उंच होतं जवळजवळ तितकंच रुंद होतं, कधी जास्तच. सहा फुटी वाण भिंतीपासून दीड फुटावर लावला तर त्याचा मागचा दीड फूट भाग भिंतीत जाणार, म्हणजे तो पुढे पायवाटेवर झुकणार. रोपाचा मधला बिंदू भिंतीपासून पूर्ण रुंदीच्या निम्म्यावर, शिवाय एक फूट पुढे, एवढं धरा.

खिडकीखालची जागा बहुतेक घरांत तीन-चार फूट उंचीची असते. तिथे मोठा वाण लावायचा मोह टाळा, नर्सरीत रोप कितीही गोजिरवाणं दिसलं तरी.

४. पाणी किती वेळ साचतं ते बघा

या झाडाचा खरा शत्रू साचलेलं पाणी आहे. मुळं कुजली की ते फार पटकन जातं. अटलांटाच्या परिसरातली लाल चिकणमाती आणि त्यात नव्या कॉलनीत बिल्डरच्या यंत्रांनी दाबून घट्ट केलेली जमीन, म्हणजे निचऱ्याची पंचाईतच.

चाचणी घरच्या घरी होते. एक फूट खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, ते जिरू द्या, मग पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तासाला साधारण एक इंच किंवा जास्त उतरत असेल तर जागा चालेल. रात्रभर पाणी तसंच राहत असेल तर तिथे ओकलीफ लावू नका, दुसरी जागा शोधा किंवा मातीचा उंचवटा करा. छपराच्या पन्हाळीचं पाणी जिथे पडतं तो कोपराही नको.

मातीची तपासणी काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसात थोड्या पैशांत करून मिळते. विद्यापीठाशी जोडलेली ही कार्यालयं आहेत आणि नवख्या माणसाला इतकी उपयोगी जागा दुसरी नाही. किंचित आम्ल ते उदासीन माती या झाडाला मानवते.

५. आता वाण निवडा

इथे घाई नको. शक्य असेल तर पूर्ण वाढलेली झाडं आधी डोळ्यांनी पाहा. अलाबामात बर्मिंगहॅमजवळ हूव्हर गावी आल्ड्रिज गार्डन्स ही बाग हायड्रेंजियासाठीच ओळखली जाते. अथेन्समध्ये जॉर्जियाची राज्य वनस्पती बाग आहे. जूनमधला एक शनिवार यासाठी काढाच.

*खिडकीखाली, पायवाटेच्या कडेला, छोट्या अंगणात (तीन ते चार फूट उंच).* इथे माझी पहिली पसंती 'रुबी स्लिपर्स'. अमेरिकेच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानाच्या टेनेसीतल्या संशोधन केंद्रात तयार झालेला हा वाण २०१० मध्ये बाहेर आला. उंची साधारण साडेतीन फूट, रुंदी पाच फूट. झाड बुटकं असून तुरे चांगले नऊ इंचांपर्यंत लांब आणि ताठ उभे. पांढरं फूल लवकरच गुलाबी व्हायला लागतं आणि पुढे गडद होतं. त्याच केंद्राचा 'मंचकिन' आणखी थोडा बुटका, तीन फुटांचा, भरगच्च. सलग ओळ लावायची असेल तर तो घ्या.

'पी वी' हा जुना बुटका वाण स्वस्तात आणि सगळीकडे मिळतो. चांगला आहे, पण या नावाखाली विकल्या जाणाऱ्या रोपांचा आकार सारखा असेलच असं नाही. जागा अगदी मोजकी असेल तर त्याच्यावर भिस्त ठेवू नका. 'लिटल हनी' हा 'पी वी'पासूनच निघाला. त्याची पानं वसंतात सोनेरी-पिवळी असतात, सावलीचा कोपरा उजळून निघतो. मात्र तो हळू वाढतो आणि दुपारच्या उन्हात त्याची पानं करपतात.

*कोपऱ्यात, कुंपणापाशी (पाच ते आठ फूट).* न्यू जर्सीच्या प्रिन्स्टन नर्सरीजचा 'स्नो क्वीन' हा सगळ्यात भरवशाचा. त्याचे तुरे ताठ उभे राहतात आणि पावसाने लोळत नाहीत. जूनमध्ये दुपारी वादळी सरी येणाऱ्या भागात हा गुण मोठा आहे. पहिलंच झाड लावणाऱ्याने डोळे मिटून हा घ्यावा.

'स्नोफ्लेक' मात्र वेगळीच चीज आहे. बर्मिंगहॅमजवळच्या आल्ड्रिज पिता-पुत्रांनी तो शोधला आणि १९७० च्या दशकापासून तो बाजारात आहे. तुरा बारा ते पंधरा इंच लांब, फुलं दुहेरी. एकच फूल जवळून बघा: खालच्या पाकळ्या जुन्या होऊन गुलाबी झालेल्या असतात, त्यांच्यावर पांढऱ्यांचा नवा थर उमललेला असतो आणि मधोमध हिरवट टोकं अजून उघडायची असतात. थरावर थर येत राहतात, म्हणून त्याचा बहर इतरांपेक्षा बराच जास्त टिकतो. या वजनाने फांद्या कमानीसारख्या खाली येतात. त्याला तो मोकळेपणा द्या, दोन्ही बाजूंना जागा सोडा. उतारावर किंवा उंच वाफ्यावर लावला तर तुरे नजरेच्या पातळीला येतात आणि फार देखणे दिसतात. 'गॅट्सबी' मालिकेतले वाण अलीकडे मोठ्या दुकानांतही मिळतात. त्यांतला 'गॅट्सबी पिंक' लवकर गुलाबी होतो, 'गॅट्सबी स्टार' दुहेरी फुलांचा.

'हार्मनी'चे तुरे इतके जड असतात की फांद्या जमिनीला टेकतात. संग्रह करणाऱ्यांसाठी ठीक, पहिल्या झाडासाठी मी सुचवणार नाही.

*मोठ्या आवारात, मोठ्या झाडांच्या कडेला (आठ ते बारा फूट).* 'अ‍ॅलिस'. जॉर्जिया विद्यापीठाच्या आवारातल्या झाडातून वनस्पतितज्ज्ञ मायकेल डर यांनी तो निवडला. उंची-रुंदी दोन्ही बारा फुटांपर्यंत जाते, तुरे फूटभर लांब, शरदात पानं वाइनच्या रंगाची. जागा असेल तर याच्यासारखं दुसरं नाही. जागा नसेल तर मात्र नावही काढू नका.

६. कागदपत्रं आणि हत्यारं

- घराच्या खरेदीच्या वेळी मिळालेला प्लॉटचा नकाशा. सीमा आणि सार्वजनिक वापराच्या पट्ट्या त्यात असतात. त्या पट्ट्यांवर लावलेलं झाड उद्या कोणी काढून टाकलं तर तक्रार करता येत नाही.
- एचओए, म्हणजे कॉलनीतल्या घरमालकांची संघटना, असेल तर दर्शनी बागेत बदल करण्यासाठीचा परवानगी अर्ज. सोबत वाणाचं नाव, पूर्ण वाढीची उंची-रुंदी आणि जागेचं साधं रेखाटन जोडा. लेखी होकार आल्याशिवाय पुढच्या अंगणात काही लावू नका.
- ८११ या क्रमांकावर नोंद. खणण्याआधी कामाचे दोन-तीन दिवस कळवलं की कंपन्यांची माणसं येऊन जमिनीखालच्या वाहिन्या रंगाने आणि झेंड्यांनी दाखवून जातात. हे मोफत आहे. लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, निळा पाणी, केशरी फोन-इंटरनेट, हिरवा सांडपाणी.
- माती तपासणीचा अहवाल.
- फावडं, टेप, सिकेटर, पाण्याचा पाइप, कंपोस्ट, आच्छादनासाठी पाइनची पानं किंवा सालीचा भुगा, जाड हातमोजे.

७. नर्सरीत काय बघायचं

लेबलवर वाणाचं नाव असलंच पाहिजे. नुसतं 'ओकलीफ हायड्रेंजिया' लिहिलेलं रोप बियांपासून वाढवलेलं असू शकतं आणि ते पाच फूट होईल की दहा, हे कोणी सांगू शकत नाही. मोकळ्या जागेसाठी असं रोप घ्यायला हरकत नाही, खिडकीखाली मात्र नको.

रोप कुंडीतून हलकेच सरकवून मुळं बघू द्या म्हणून विचारा, चांगल्या नर्सरीत नाही म्हणत नाहीत. मुळं पांढरट-फिकट, घट्ट हवीत. काळी, मऊ, वास येणारी असतील तर ठेवून द्या. तीन गॅलनच्या कुंडीतलं रोप किमतीला आणि धीराला दोन्ही परवडतं. पावती आणि लेबल दोन्ही जपून ठेवा. बऱ्याच दुकानांत झुडपांवर वर्षभराची हमी असते, पण पावती लागते.

८. लावणी

दक्षिणेत ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात उत्तम. हवा थंड, जमीन अजून उबदार, मुळांना उन्हाळ्याआधी बूड धरायला वेळ मिळतो. उत्तरेत वसंतात लावा.

खड्डा कुंडीच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण कुंडीएवढाच खोल. चिकणमातीत तर रोपाच्या मातीचा वरचा भाग जमिनीच्या इंच-दोन इंच वरच ठेवा. खड्ड्यातली माती टाकून देऊन त्यात पोत्यातली भुसभुशीत माती भरू नका. आजूबाजूची चिकणमाती पाणी सोडत नाही आणि खड्डा न पाझरणाऱ्या माठासारखा भरून राहतो. खणलेलीच माती परत घाला. कंपोस्ट घालायचं असेल तर ते आजूबाजूच्या मोठ्या पट्ट्यात मिसळा. कुंडीत गोल फिरलेली मुळं हाताने मोकळी करा किंवा तीन-चार ठिकाणी उभा काप द्या. वर दोन-तीन इंच आच्छादन, खोडाला न टेकवता.

९. पहिले दोन उन्हाळे

इथे सगळ्यात जास्त झाडं जातात, आणि ती जातात काळजीपोटी. दुपारी तीन वाजता पानं मान टाकतात, आपण पाइप धरतो. संध्याकाळी पुन्हा बघा. ऊन उतरल्यावर पानं सरळ झाली असतील तर ती फक्त उष्णता होती. सकाळीही मलूल असतील तर मातीत दोन इंच बोट घाला. कोरडी लागली तर भरपूर, सावकाश पाणी द्या. ओली लागली तर पाणी ताबडतोब थांबवा. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून ओल्या मातीतही झाड तहानलेलंच दिसतं.

पाऊस नसेल तर आठवड्याला साधारण एक इंच पाणी पुरे. लॉनच्या स्प्रिंकलरच्या वेळापत्रकात या झाडाला बसवू नका, त्याला रोजचा शिडकावा नको असतो. खत वसंतात एकदा, थोडं आणि हळू विरघळणारं. जास्त दिलं की पानंच पानं येतात.

१०. छाटणी, आणि लॉनवाल्यांना सांगून ठेवणं

ऑगस्टमध्ये फांदीच्या टोकाशी बघा. पानांच्या देठांमध्ये बदामी लव असलेली कळी धरलेली दिसेल. पुढच्या मे महिन्यातला तुरा त्यातून येणार आहे. म्हणून जी काही छाटणी करायची ती फुलं ओसरताच, जुलै संपायच्या आत. मेलेल्या फांद्या केव्हाही काढा. नीट जागी लावलेल्या झाडाला बाकी काही लागत नाही.

बागकाम करणारी माणसं फेब्रुवारी-मार्चमध्ये येऊन सगळी झुडपं एका मापात कापून जातात. त्यांना आधीच सांगा, शक्य असेल तर फांदीला रंगीत रिबन बांधा आणि लेखी कळवा. कापून गेल्यावर त्या वर्षापुरता इलाज नाही.

तुरे घरात हवे असतील तर ते हाताला कागदासारखे लागायला लागले की कापा, फांदी न घेता फक्त तुरा. उलटे टांगून वाळवले की महिनोन्‌महिने टिकतात. गुलाबी-बदामी छटांचे हे वाळलेले तुरे गौरी-गणपतीच्या आरासीत फार शोभतात, आणि इथे त्या दिवसांत दुकानात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या माळांपेक्षा कितीतरी छान.

११. हरणं, मुलं आणि कुत्री

हरणं येतात त्या कॉलनीत पहिली दोन-तीन वर्षं जाळी लावा. कोवळी फूट त्यांना आवडते. हायड्रेंजियाची पानं, कळ्या पोटात गेल्या तर माणसाला आणि कुत्र्या-मांजरांना विषारी ठरतात. रांगतं बाळ किंवा सगळं चावणारं पिल्लू घरात असेल तर मागच्या बाजूला लावा. प्रसादाच्या ताटाची किंवा केकची सजावट या फुलांनी करू नका.

१२. एकाची दोन करायची असतील

मुळाशी येणारे फुटवे मुळांसकट वेगळे करता येतात. किंवा दाब कलम करा: वसंतात खालची फांदी वाकवून तिचा मधला भाग थोडा खरवडून मातीत दाबा, वर दगड ठेवा आणि पुढच्या वर्षी मुळं धरली की कापून वेगळी करा. लेबलवर पेटंट क्रमांक असलेल्या वाणाची अशी रोपं करायला पेटंटची वीस वर्षं संपेपर्यंत परवानगी नसते. 'स्नोफ्लेक'सारख्या जुन्या वाणांना ती अडचण नाही. वेगळं केलेलं रोप पहिलं वर्ष कुंडीत, सावलीत वाढवा आणि शरदात जमिनीत लावा. कोणाला देणार असाल तर वाणाचं नाव आणि पूर्ण वाढीची रुंदी चिठ्ठीवर लिहून कुंडीत खोचा.